तीन हातांचं उत्तर

आमच्या कॉलेजात हल्ली फार शांतता असते. बाहेरून कुणी पाहुणा आला की म्हणतो, काय शिस्त आहे हो तुमच्याकडे. आम्ही हसतो आणि चहा मागवतो. खरं कारण सांगायला वेळ लागतो. वर्ग पोरांनी भरलेला असतो, पण प्रत्येकाचा धडा वेगळ्याच ठिकाणी चाललेला असतो. एकजण दुसऱ्या धड्यात रेंगाळलेला, त्याच्या शेजारचा पार अकराव्यात. मधल्या सुट्टीत ‘तुझं उत्तर काय आलं?’ असं विचारायची सोय राहिलेली नाही, कारण शेजारच्याला तो प्रश्न पडलेलाच नसतो.

ही सगळी करणी गुरुबंधूची. गुरुबंधू म्हणजे राज्यातल्या प्रत्येक कॉलेजविद्यार्थ्याला फुकट मिळणारा, फोनमध्ये राहणारा यंत्रशिक्षक. गुरू समोर उभा राहून शिकवतो, गुरुबंधू शेजारी मांडी घालून बसतो, अशी त्या नावामागची कल्पना. तो आमच्या माणदेशी पोरांचं ‘न्हाई’ आणि ‘व्हय’ समजून घेतो. तीच शंका कितीही वेळा विचारा, वैतागत नाही. 

त्याच्या पोटातली युक्ती ऐकण्यासारखी आहे. काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या लक्षात आलं, की माणूस बरोबर उत्तर देतो तेव्हा चारचौघांसारखा असतो, पण चुकतो तेव्हा अगदी स्वतःसारखा चुकतो. सात आठे छप्पन्न म्हणणारी सगळी पोरं सारखीच. चोपन्न म्हणणारं पोर एका वाटेनं आलेलं असतं, अठ्ठावन्न म्हणणारं दुसऱ्या. कोण कुठे थांबतो, थांबून कुठे वळतो, चूक कळल्यावर किती मागे येतो, दाखला घरातला देतो की पुस्तकातला, हे महिनोन्‌महिने टिपत गेलं की एक नकाशा तयार होतो. ओळखीचं माणूस लांबून नुसत्या चालीवरून कळतं ना, तसा या नकाशावरून विद्यार्थी कळतो. त्याचं नाव विचारठसा. आम्ही नुसतं ठसा म्हणतो.

ठसा आला आणि लेखी परीक्षा गेली. वर्षभरात ठसा किती पसरला, किती खोल गेला, त्यावर श्रेयांक मिळू लागले. कॉपीचा तर प्रश्नच मिटला. उत्तर दुसऱ्या कुणी दिलं तर ठसा जुळत नाही आणि खात्यावर लाल पट्टी येते, ‘तोतया-शंका’ अशी. त्या पट्ट्या बघायचं काम माझ्याकडे आलं. मी शिकवते मृदाशास्त्र, पण बाळंतपणाची रजा संपवून परत आले तेव्हा आमचे प्राचार्य बाबर सर फार प्रेमानं म्हणाले, केतकी मॅडम, हे बसून करायचं काम आहे, तुम्हाला बरं पडेल. बसून करायच्या कामाला माझी लेक जुई धरून आणखी किती हात लागतात, ते सरांना ठाऊक नव्हतं.

यंदापासून वर्षातून एकदा प्रत्येक विद्यार्थ्यानं कॉलेजच्या काचेच्या खोलीत एकटं बसून गुरुबंधूशी बोलायचं असतं. पडताळणी म्हणतात तिला. बहुतेकांची ती चहा गार व्हायच्या आत उरकते. त्या दिवशी दुपारी सासूबाई जुईला दुधासाठी कॉलेजात घेऊन आल्या होत्या. मी स्टाफरूमच्या कोपऱ्यात पाठ करून बसले होते, आणि पदराखालूनच मला टेबलावरच्या पडद्याची लाल कड दिसली.

नाव कार्तिकी लवटे. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. मला वाटलं, यंत्राचं काहीतरी चुकलंय. कार्तिकीचा ठसा विद्यापीठातल्या लोकांनी मुद्दाम मागवून पाहिलेला होता. मातीबद्दलचा कसलाही प्रश्न घ्या, तिचं उत्तर आधी झटकन पुढे जायचं, मग थबकायचं, स्वतःवरच शंका घ्यायचं, आणि मग अशा काही सावकाश निवाड्याला यायचं की मला तिच्याकडून शिकावंसं वाटे. असा ठसा एकोणीस वर्षांच्या मुलीचा नसतो, असं विद्यापीठातले लोक म्हणत. कौतुकानं म्हणत.

काचेच्या खोलीत बसलेली मुलगी मात्र यंत्राच्या मते भलतीच कुणीतरी होती. आवाज कार्तिकीचा, चेहरा कार्तिकीचा, आणि विचार परक्याचा. खरी कार्तिकीच तोतया ठरली होती.

ती बाहेर आली ती सरळ माझ्यासमोर उभी राहिली. रडत नव्हती, ओढणीचं टोक मात्र बोटाला करकचून गुंडाळलेलं होतं. नियम तिलाही पाठ होता. तोतया सिद्ध झाला की दोन्ही वर्षांचे श्रेयांक पुसले जातात आणि पुढच्या वर्षाचं दार बंद.

“मॅडम, मीच हाय,” ती म्हणाली. “मी न्हाई तर आनि कोण असंल?”

सासूबाईंनी जुईला माझ्याकडून घेतलं, खांद्यावर टाकून ढेकर काढला आणि माझ्यासाठी आणलेल्या डब्यातली शेंगदाण्याची पोळी त्या पोरीच्या हातावर ठेवली. त्यांच्या हिशोबात उभ्या माणसाला आधी खायला द्यायचं असतं, चौकशी मागून.

कार्तिकीनं पोळी खाल्ली. अभ्यास कुठे करतेस, असं मी विचारलं. शेडमध्ये, ती म्हणाली. आणखी काही विचारलं की ती नुसती मान हलवायची. ती लपवत होती असं मला वाटलं नाही. तिला सांगण्यासारखं काही दिसतच नव्हतं.

म्हणून रविवारी मी लवट्यांच्या वस्तीवर गेले. सासूबाई बारशाला गेल्या होत्या आणि माझा नवरा पराग डोंगरावर पवनचक्कीच्या दुरुस्तीला, त्यामुळे जुई माझ्या कडेवरच होती. रानाच्या कडेला पत्र्याची शेड, आत डाळिंबांचा ढीग, आणि ढिगाभोवती तिघी बसलेल्या. कार्तिकी आणि तिच्या दोन भावजया. थोरली रेश्मा, बांध्यानं भरदार, बोलायला सावकाश. धाकटी तेजश्री, जिच्या तोंडाचा पट्टा आणि हात एकाच वेगानं चालतात अशी. मधे उलट्या क्रेटवर फोन उभा करून ठेवलेला, आणि त्यातून गुरुबंधू विचारत होता, भारी जमिनीत पाणी मुरायला वेळ का लागतो.

माझ्यासाठी चहा झाला, जुईसाठी चादर अंथरली गेली, आणि काम पुढे सुरू झालं. मी आधी हात बघत बसले. डाळिंब पहिल्यांदा कार्तिकीच्या हातात जायचं. ती रंग बघायची. तिथून तेजश्रीकडे, ती फिरवून तडा शोधायची, देठापाशी, पाकळीच्या खाली. तिथून रेश्माकडे. रेश्मा डोळ्यांनी काही बघतच नव्हती, तळहातावर क्षणभर तोलायची आणि कुठल्या पेटीत जायचं ते ठरवायची. रंगाला चांगलं, वरून धड, पण हाताला हलकं लागलं तर आतून गेलेलं असतं, हे तिनंच मला सांगितलं.

मग माझे कान जागे झाले. उत्तरही तसंच फिरत होतं. गुरुबंधूनं विचारलं की कार्तिकी पुटपुटायची, वैनी, कण बारीक असत्यात म्हणून. तेजश्री म्हणायची, बारीक असत्यात तर फटी जास्त असतील की, मग पाणी आडतंय कुटं? रेश्मा थोडा वेळ गप्प, हातातलं फळ तोलत, आणि मग म्हणायची, फटी जास्त पन बारक्या, बारक्या फटीत पाणी धरून बसतंय, उतरत न्हाई. तिघींची मान हलली की कार्तिकी फोनकडे तोंड करून मोठ्यानं उत्तर द्यायची. कारण खातं तिच्या आवाजावर उघडत होतं.

गुरुबंधूला त्या दोघी कधी ऐकूच आल्या नव्हत्या. विद्यार्थी गजबजलेल्या ठिकाणी अभ्यास करतात हे धरून त्याला शिकवलेलं आहे, की खातेदाराचा आवाज तेवढा घे आणि बाकीचा कचरा म्हणून टाकून दे. टीव्ही, कुत्री, ट्रॅक्टर, भावजया, सगळं एकाच टोपलीत. त्याला मिळत होते फक्त कार्तिकीचे थांबे. त्या थांब्यांमधे दोन बायका बसलेल्या होत्या, आणि विद्यापीठ त्याला एकोणीस वर्षांच्या मुलीची प्रौढ समज म्हणत होतं.

मी सांगितलं तेव्हा तिघींना धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीचा. यात चुकलं काय, तेच त्यांना कळेना. रेश्माच्या हातातलं फळ हातातच राहिलं.

“एका हाताचं फळ पेटीत घालत न्हाईत, मॅडम,” ती म्हणाली. “तपासल्याबिगर उत्तर कसं द्यायचं?”

तेजश्रीनं विचारलं की मग बंधूनं आधी सांगायचं न्हाई का. मोबाइल तर रोज त्यांच्यासमोरच असतो. त्याला दिसत न्हाई व्हय आमी?

दिसत नाही, मी म्हणाले.

हळूहळू बाकीचं कळलं. रेश्माचं कॉलेज लग्नानं सुटलं होतं, तेजश्रीचं पहिल्या मुलाच्या वेळी. परत नाव घालायला कुणाची आडकाठी नव्हती. कार्तिकीच्या दादांनी स्वतः चौकशी केली होती. पण गुरुबंधूच्या नियमात एक ओळ आहे: रोज सलग एक तास, एकट्यानं, शांत जागी. तेवढं झालं नाही तर ठसा नीट उमटत नाही, आणि खातं निजतं. तेजश्री हसून म्हणाली, सलग तास एकटी आनि शांत, तसं असतं तर मी झोपलेच नसते का. मीही हसले. मला स्वतःला तसा तास शेवटचा कधी मिळाला, ते आठवत नव्हतं. ती ओळ ज्यांनी लिहिली त्यांच्या घरी प्रत्येक माणसाला एक दार असणार, आणि ते लावूनही घेता येत असणार.

दुसऱ्या दिवशी मी बाबर सरांना सगळं सांगितलं. सर भला माणूस. त्यांनी खिडकी लावली आणि म्हणाले, मुलीला सर्दी झाली होती असं कळवा, पुन्हा पडताळणी घ्या, तोवर तिच्याकडून एकटीनं सराव करून घ्या. कुणाचंच नुकसान नाही. मी हो म्हणायच्या अगदी काठावर होते. खरं कळवलं तर नियम सरळ होता: खातं एकाहून अधिक जणांनी वापरलं, सबब रद्द. माझ्या एका खऱ्या वाक्यानं त्या पोरीची दोन वर्षं जाणार होती.

घरी आले तर पराग उत्साहात होता. त्याच्या कंपनीतल्या एकानं आपल्या मुलासाठी बाळबंधू घेतला होता. गुरुबंधूचंच धाकटं भावंड, पाळण्यावर टांगायचं. बाळ कशाकडे किती वेळ बघतं, कुठल्या आवाजाला वळतं, ते टिपून जन्मापासून ठसा घेतं आणि त्याला हवं तेच, हवं तेव्हा दाखवतं. परागला वाटत होतं, मी एवढी धावपळीत असते, तेवढीच मदत. तो मनापासून बोलत होता, आणि मला मोह झाला नाही असं नाही.

जुई तेव्हा सासूबाईंच्या मांडीवर होती. काही दिवसांपासून तिनं एक नवी सवय काढली होती. वाटी आपटायची, थांबायची, आणि आमच्या तिघांच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघायचं. आजी हसली की पुन्हा आपटायची. मी डोळे मोठे केले की हळू आपटायची. बाबांकडे बघून ती वाटी सरळ खाली टाकायची, कारण ते उचलून देतात. वाटी एकच आणि तपासणारे तिघे. शेडमध्ये मी हेच पाहून आले होते.

मी परागला म्हटलं, बाळबंधू आपल्या तोंडांना काय म्हणेल, सांग बरं? तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, कचरा. इंजिनियर आहे, लगेच कळतं त्याला.

त्या रात्री आम्ही बाळबंधूचा विषय बंद केला, आणि सकाळी मी विद्यापीठाला सगळं जसं होतं तसं कळवलं. पट्टी काढा असं मागितलं नाही. ठसा ज्यांचा आहे त्यांना ऐकून मग निकाल द्या, एवढंच मागितलं. कार्तिकीला हे आधी सांगितलं होतं. ती ऐकत ऐकत ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, खोटं सांगितलं तर वैनी होत्या हे बी खोडावं लागंल की. ते नको.

विद्यापीठात यंत्रांच्या न्याय्य वापरासाठी एक समिती आहे. तिच्या डॉ. नाझनीन मुजावर स्वतः आल्या. सांगलीच्या, पन्नाशीच्या, पायात बूट आणि डोक्याला गॉगल. आल्या आल्या त्यांनी जुईचा गालगुच्चा घेतला, बाबर सरांच्या चहाला नावं ठेवली आणि कामाला बसल्या.

आधी कार्तिकी एकटी काचेच्या खोलीत. बाहेरच्या पडद्यावर ठसा किती जुळतो ते दाखवणारी सुई. प्रश्न आला: डाळिंबाच्या बागेत पाणी सगळ्यांना सारखं, खत सारखं, तरी तिसऱ्या ओळीतली झाडं पिवळी पडलीत, का? कार्तिकीनं एका दमात सांगितलं, नत्र कमी पडलंय. सुई लाल कडेला जाऊन टेकली. रंग बघणारीनं रंग बघितला होता. पुढचे दोन हात नव्हते.

मग मुजावर मॅडमनी बाकीचे आवाज टाकून देणारी यंत्राची गाळणी उघडायला लावली आणि तिघींना आत बसवलं. तेजश्री आत जाताच म्हणाली, पिवळी कुटं पडलीत, शेंड्याला का बुडाला? गुरुबंधूनं सांगितलं, शेंड्याची पानं पिवळी, शिरा हिरव्या. रेश्मानं मातीचं ढेकूळ कसं आहे ते विचारलं. जड, ओलं, आत पांढरे खडे. तिघी थोडा वेळ एकमेकींकडे बघत राहिल्या. मग कार्तिकी बोलली: चुनखडीचा पट्टा आहे, लोह आहे पण अडकून पडलंय, मुळांना मिळत नाही. सुई हिरव्यात गेली आणि तिथे थांबली.

बाबर सरांनी सुटकेचा श्वास सोडला. मुजावर मॅडमच्या कपाळावरची आठी मात्र तशीच.

“ठसा तिघींचा आहे, हे कळलं,” त्या म्हणाल्या. “म्हणजे कार्तिकीचा नाही, हेही कळलं. मी पदवी कुणाला देऊ, केतकी मॅडम?”

रेश्मा उठून उभी राहिली आणि म्हणाली, पोरीलाच द्या, आमी काय, हात चालता चालता तोंड चालवत होतो. कार्तिकीनं तिचा हात धरून तिला खाली बसवलं. एकटीला नको, असं ती म्हणाली.

मला त्या क्षणी काही सुचलं असं म्हणणं खोटं होईल. माझ्या डोळ्यांपुढे शेडमधली कार्तिकी आली, नुसती पुटपुटणारी. काचेच्या खोलीत पुटपुटायला बंदी आहे. पक्कं उत्तर असेल तेव्हाच तोंड उघडायचं, नाहीतर पडद्यावर इशारा येतो. मी विनंती केली की कार्तिकीला पुन्हा एकटीला बसवा, प्रश्न नवा द्या, पण तिला शेडमधे बोलते तसं बोलू द्या. मनातलं सगळं, मोठ्यानं.

मॅडमनी खांदे उडवले आणि प्रश्न स्वतःच घातला. पाटाचं पाणी आल्यापासून दोनेक वर्षांत रानात पांढरं फुटलंय. वरच्या अंगाला नाही, खालच्या अंगाला. काय करशील?

कार्तिकी काचेपलीकडे एकटी बसलेली. “पांढरं म्हंजी खार,” ती म्हणाली. “जिप्सम टाकावं.” सुई लाल. तिनं डोळे मिटले. तिचा उजवा हात आपोआप डावीकडे वळला, कुणाला तरी काहीतरी देत असल्यासारखा.

“आता धाकली वैनी काय म्हणल? तडा कुटाय ते बघ म्हणल. वर न्हाई, खाली हाय. म्हंजी पाणी खाली येऊन थांबतंय.” हात पुन्हा वळला, या वेळी पालथा होऊन सुलटा झाला. “थोरली वैनी गप बसंल. मग म्हणल, तोलून बघ. खालचं रान जड असणार. पाण्यानं फुगलेलं. पाणीच उतरत नसंल तर जिप्सम टाकून काय करायचं, खार जाणार कुटं? आधी चर काढायचा. पाण्याला वाट द्यायची. मग जिप्सम.”

सुई तिच्या पहिल्या वाक्यांना थरथरली होती. मधेच कुठेतरी ती लाल कडेवरून उठली, आणि चर म्हणेपर्यंत हिरव्यात पोचली होती. मुजावर मॅडम पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की त्यांचा गॉगल काचेला टेकला.

त्यांनी विचारलं, “आत आता कितीजणी आहेत?”

“एकटीच आहे, मॅडम,” मी म्हटलं.

“तसं दिसत तर नाही,” त्या म्हणाल्या, आणि त्या दिवसात पहिल्यांदा हसल्या.

नंतर चहा पिताना त्यांनी जे सांगितलं ते मला अजून पुरतं पचलेलं नाही. इतकी वर्षं आपण समजत होतो की ठसा म्हणजे एका माणसाची आतली ठेवण. यंत्रं तशीच बांधली. पण विचार करणं म्हणजे बहुधा ज्यांच्याबरोबर आपण विचार केला त्यांना आत जागा देणं असावं. ते लोक आत नीट बसले की ते आपलेच होतात, उसने राहत नाहीत. ज्याच्या शेजारी कुणी बसलंच नाही त्याचा ठसाही उमटेल, पण बारीक उमटेल. आमच्या शांत व्हरांड्याकडे बघत त्या हे बोलत होत्या. तेजश्री तेवढ्यात रेश्माला कुजबुजली, अक्का, म्हंजी आपण दोघी कार्तीच्या डोक्यात फुकट ऱ्हातोय. त्यावर मॅडमना चहाचा ठसका लागला.

समितीनं निकाल द्यायला सगळा उन्हाळा घेतला. आमचे बाबर सर रोज फोन करून विचारत, आणि रोज आपण सहज केलाय असं सांगत. शेवटी आला तो असा: कार्तिकीचे श्रेयांक कायम. आमच्या कॉलेजात प्रयोग म्हणून जोडखाती सुरू करायची, दोघातिघांनी मिळून एक. यंत्रानं सगळ्यांची संमती घेऊन सगळ्यांचं ऐकायचं. प्रत्येकानं अधूनमधून एकट्यानंही बसायचं, पण पुटपुटायला मोकळीक. सलग तासाची ओळ जोडखात्यांना लागू नाही. रेश्मा आणि तेजश्रीला जिथे सुटलं होतं तिथून पुढे प्रवेश.

संमती देताना रेश्मानं एक अट घातली. त्यांच्या घरच्या सासूबाईंचा विषय निघाला की कान बंद करायचे. गुरुबंधूनं ती मान्य केल्याचं नोंदवलं आहे. पण सासूबाईंचा विषय नेमका कुठे सुरू होतो, हे त्याला अजून नीट कळत नाही, अशी तेजश्रीची तक्रार आहे.

आता मधल्या सुट्टीत व्हरांड्यात थोडा गलका असतो. जोडखाती घेतलेली पोरं पायऱ्यांवर बसून भांडतात. परवा दोघांचं भारी जमिनीवरून इतकं जुंपलं की शिपाईमामा सोडवायला गेले आणि स्वतःच तिसऱ्या बाजूनं भांडायला लागले. मी खिडकीत उभी राहून ऐकत होते, जुईची बाटली हलवत.

डाळिंबाचा हंगाम पुन्हा आलाय. काल जुईला घेऊन मी वस्तीवर गेले. ती आता धरून धरून उभी राहते. ढिगापाशी तिला सोडलं तर ती चादरीवरून रांगत थेट रेश्माच्या मांडीला जाऊन टेकली. फळ आलं, कार्तिकीकडून तेजश्रीकडे, तेजश्रीकडून रेश्माकडे, आणि रेश्मानं ते तोलून गंमत म्हणून जुईच्या हातात दिलं. जुईनं ते दोन्ही हातांनी धरलं, चाटलं, आमच्या चौघींच्या तोंडाकडे एकेक करून बघितलं आणि खाली सोडून दिलं. रेश्माच्या ढोपरावरून घरंगळत ते क्रेटला लागलं. तेजश्री म्हणाली, चौथा हात लई कडक हाय, ह्ये दुसऱ्या पेटीत.

कार्तिकीनं फोन उचलून सरळ केला. पूर्वी गुरुबंधू सुरू होताना म्हणायचा, कार्तिकी, तयार आहेस? आता तो विचारतो, “आज कोण कोण बसलंय?”

तिघींनी आपापली नावं सांगितली. जुईला वाटलं आपलीही पाळी आली. ती क्रेटला धरून उभी राहिली आणि मोठ्यानं काहीतरी बोलली, सासूबाईंच्या हेलात आणि परागच्या आवाजाच्या पट्टीत.

गुरुबंधू क्षणभर थांबला. “नवीन आवाज आहे,” तो म्हणाला. “नाव काय लिहू?”

कार्तिकीनं माझ्याकडे बघितलं. रेश्माचा हात हवेत तसाच राहिला, त्यात एक फळ. मी जुईच्या गालावरचा डाळिंबाचा धुरळा पुसला.

“लिहू नकोस,” मी म्हटलं. “ती नुसती बसलीय.”

“बरं,” गुरुबंधू म्हणाला, आणि त्यानं पहिला प्रश्न विचारला.